क्ष-किरणांच्या आलेखावरून अवकाश हवामानाचा अंदाज: कोल्हापुरात बसून करायची पद्धत

सूर्यावर एक्स वर्गाची (सर्वांत मोठ्या वर्गाची) फ्लेअर, म्हणजे किरणांचा अचानक स्फोट, झाली की तासाभरात ‘आता पृथ्वीवर चुंबकीय वादळ’ असे संदेश फिरायला लागतात. यातले बरेच अंदाज फसतात, कारण क्ष-किरण जे सांगतात आणि लोक त्यातून जे काढतात त्यात मोठं अंतर असतं. कोल्हापूरकराला हे पटायला वेळ लागू नये. राधानगरीच्या पाणलोटात धो-धो पाऊस झाला म्हणून राजाराम बंधाऱ्याची पातळी त्याच रात्री ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडेलच असं आपण म्हणत नाही. धरणात आधी पाणी किती, स्वयंचलित दरवाजे किती उघडले, बाकीच्या नद्यांचं काय, हे सगळं बघतो. क्ष-किरणांचा आलेख हा त्या पाणलोटातला पर्जन्यमापक आहे.

त्यामुळे काम करताना तीन घड्याळं वेगळी ठेवायची. पहिलं आठ मिनिटांचं: क्ष-किरण प्रकाशाच्या वेगानेच येतात, म्हणजे आलेख वर जाताना दिसला तेव्हा शॉर्टवेव्हवरचा परिणाम सुरू झालेलाच असतो. दुसरं काही मिनिटांपासून काही तासांचं: वेगवान प्रोटॉन. तिसरं एक ते तीन दिवसांचं: सूर्यावरून सुटलेला चुंबकीय द्रव्याचा लोट, म्हणजे सीएमई. पहिल्या घड्याळावर क्ष-किरण जवळजवळ सगळं सांगतात, दुसऱ्यावर अर्धंमुर्धं, तिसऱ्यावर फक्त ‘आता तिकडे बघ’ एवढंच.

माहिती कुठली घ्यायची

रोजच्या कामाला अमेरिकेच्या नोआ संस्थेचे गोज उपग्रह. त्यांच्यावरचा एक्सआरएस हा सेन्सर दोन पट्ट्यांत मोजतो: ०.१ ते ०.८ नॅनोमीटर हा लांब पट्टा आणि ०.०५ ते ०.४ नॅनोमीटर हा आखूड पट्टा. फ्लेअरचा वर्ग फक्त लांब पट्ट्यावरून ठरतो. एका मिनिटाच्या सरासरीचे आकडे जेसन फाइलमध्ये (प्रोग्रामला वाचता येणाऱ्या साध्या मजकुराच्या स्वरूपात) फुकट मिळतात: सहा तास, एक दिवस, तीन दिवस, सात दिवस अशा वेगवेगळ्या फाइली असतात. अंदाजासाठी एक दिवसाची फाइल दर मिनिटाला ओढा आणि सात दिवसांची रोज एकदा जपून ठेवा. फाइलमध्ये दोन्ही पट्ट्यांच्या ओळी एकाआड एक मिसळलेल्या असतात. त्या आधी वेगळ्या केल्या नाहीत तर करवतीच्या दात्यांसारखा आलेख येतो. नवशिक्यांची पहिली अडचण बहुधा हीच.

आकडे वॅट प्रति चौरस मीटरमध्ये, दहाच्या ऋण घातात येतात. तोंडी हिशेबाला मायक्रोवॅट सोयीचे. एक मायक्रोवॅट म्हणजे सी १, दहा म्हणजे एम १, शंभर म्हणजे एक्स १. खाली ०.१ ला बी १ आणि ०.०१ ला ए १. म्हणजे एम २.५ म्हणजे २५ मायक्रोवॅट, एक्स ४ म्हणजे ४००. रेडिओ ब्लॅकआउटची, म्हणजे शॉर्टवेव्ह बंद पडण्याची, आर मोजपट्टी थेट यावरच बसवलेली आहे: एम १ ला आर १, एम ५ ला आर २, एक्स १ ला आर ३, एक्स १० ला आर ४, एक्स २० ला आर ५.

जुनी माहिती वापरणाऱ्यांसाठी एक खड्डा. गोज-१६ च्या आधीच्या उपग्रहांच्या लांब पट्ट्यात ०.७ हा जुना गुणक घातलेला असायचा. नव्या उपग्रहांचे आकडे खरे आहेत. जुन्या आकड्यांना ०.७ ने भागल्याशिवाय नव्यांशी तुलना केली, तर नवं सौरचक्र आहे त्यापेक्षा तापट वाटतं.

घड्याळ आणि ग्रहण

सगळ्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. साधी गोष्ट, पण यूटीसीतली तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते, आणि पहाटेच्या फ्लेअरची नोंद चुकीच्या दिवशी पडते. वहीत दोन्ही वेळा लिहा.

दुसरी गोष्ट खास आपल्या रेखांशाची. गोज उपग्रह भूस्थिर कक्षेत आहेत. विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलचा मध्य आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, ते रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जातात. हे घडतं उपग्रहाच्या स्थानिक मध्यरात्री, जास्तीत जास्त सुमारे ७२ मिनिटं. पूर्वेकडचा उपग्रह ७५ पश्चिम रेखांशावर आहे, त्याची मध्यरात्र आपल्या सकाळी साडेदहाच्या आसपास येते. पश्चिमेकडचा १३७ पश्चिमेवर, त्याची दुपारी पावणेतीनच्या आसपास. म्हणजे अमेरिकेत लोक झोपलेले असताना पडणारं भगदाड आपल्या ऐन कामाच्या वेळेत पडतं. सावलीत शिरताना आणि निघताना क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणातून गाळून येतात. त्यामुळे आलेख एकदम तुटत नाही, आधी घसरतो, आणि बाहेर येताना झपाट्याने चढतो. ही चढण प्रोग्रामला फ्लेअरसारखी दिसते. उपाय: प्राथमिक आणि दुय्यम दोन्ही उपग्रहांच्या फाइली घ्या, दोघांत चढण असेल तरच इशारा द्या. सुटलेल्या मिनिटांच्या जागी शून्य भरू नका. लॉग काढताना सगळा हिशेब तिथेच कोसळतो.

फाइलमध्ये इलेक्ट्रॉनच्या भेसळीचाही एक रकाना असतो. पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांतले इलेक्ट्रॉन सेन्सरवर आदळले की शांत सूर्याची पातळी उगीच वर दिसते. तो रकाना ‘हो’ म्हणत असेल तर त्या मिनिटांवरून आखूड पट्ट्याचं गुणोत्तर काढायचं नाही.

वक्र कसा वाचायचा

आधी पार्श्वभूमी. गेल्या तासाभरातल्या लांब पट्ट्याच्या सर्वांत खालच्या दहा मिनिटांचा मध्यक घ्या, ती तुमची तळपातळी. सौरचक्र भरात असताना ती सी १ च्या वरही असते. अशा दिवशी सी ४ ची फ्लेअर जाहीर झाली आणि तळ सी २ असेल, तर फ्लेअरचा स्वतःचा वाटा सी २ एवढाच. जाहीर होणाऱ्या वर्गातून तळ वजा केलेला नसतो, हे लक्षात ठेवायचं.

सुरुवात ओळखायचा प्रचलित नियम असा: सलग चार मिनिटं आकडा वाढत जावा, आणि चौथा पहिल्याच्या किमान १.४ पट असावा. शेवट म्हणजे आलेख शिखर आणि तळ यांच्या मधोमध उतरला ते मिनिट.

पण चार मिनिटं थांबायची गरज नसते. इथे आखूड पट्टा कामाला येतो. आखूड भागिले लांब हे गुणोत्तर तप्त द्रव्याचं तापमान सांगतं. शांत वेळी ते शंभरात एखादा भाग असतं, मोठ्या फ्लेअरच्या चढणीत शंभरात दहा-वीसपर्यंत किंवा वर जातं. बऱ्याच फ्लेअरमध्ये मुख्य स्फोटाच्या आधी, काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत, एक ते दीड कोटी केल्विनचं द्रव्य आधीच दिसायला लागतं. लांब पट्टा जेमतेम हललेला असतो आणि गुणोत्तर मात्र उसळी मारतं. सलग दोन-तीन मिनिटं हे दिसलं की रेडिओवाल्यांना सावध करायला हरकत नाही. अर्थात गुणोत्तर नुसतं न काढता दोन्ही पट्ट्यांतून आपापला तळ वजा करून काढायचं, नाहीतर छोट्या फ्लेअरचा संकेत बुडून जातो.

दुसरं हत्यार उतार. लांब पट्ट्याचा दर मिनिटाचा फरक मांडा. हा फरक साधारण कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, क्ष-किरणांच्या वक्रासारखा दिसतो, म्हणजे ऊर्जा किती जोरात ओतली जाते आहे ते दाखवतो. फरक मोठा होत असेल तर शिखर अजून लांब आहे. तो स्वतः खाली यायला लागला की शिखर जवळ आलं. शून्यावर आला की झालं. आलेख लॉग पट्टीवर बघणाऱ्याला हा बदल डोळ्यांनी कळत नाही, तिथे चढण आधीच चपटी दिसते. म्हणून फरक साध्या पट्टीवर काढायचा.

तिसरी गोष्ट लांबी. काही फ्लेअर पाच-दहा मिनिटांत चढतात आणि अर्ध्या तासात विझतात. काही मात्र कुकराची वाफ हळूहळू उतरावी तशा दोन-तीन तास रेंगाळतात. रेंगाळणाऱ्यांबरोबर सीएमई सुटायची शक्यता जास्त असते, कारण द्रव्य बाहेर फेकलं गेल्यावर मागे चुंबकीय रेषा जुळत राहतात आणि नवी तप्त कमान तयार होत जाते. अंदाजाच्या दृष्टीने, एम ३ ची तीन तास चाललेली फ्लेअर एक्स १ च्या झटपट विझलेल्या फ्लेअरपेक्षा जास्त लक्ष देण्यासारखी असते.

पहिलं घड्याळ: कोल्हापुरात कुठली फ्रीक्वेन्सी बसेल

क्ष-किरण आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाच्या, सर्वांत खालच्या डी थरात, ६० ते ९० किलोमीटर उंचीवर, इलेक्ट्रॉन वाढवतात. शॉर्टवेव्हला वर परावर्तित व्हायला याच थरातून जावं-यावं लागतं, आणि तिथे ती शोषली जाते. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मीडियम फ्रीक्वेन्सी रडार याच उंचीचे वारे मोजतं. म्हणजे हा थर कोल्हापूरला अगदीच परका नाही.

कुठल्या फ्रीक्वेन्सीपर्यंत मार बसेल याचं नोआचं सूत्र साधं आहे. शिखराचा मायक्रोवॅटमधला आकडा घ्या, त्याचा दहाच्या पायावरचा लॉग काढा, दहाने गुणा, पाच मिळवा. मग सूर्याच्या शिरोबिंदूपासूनच्या कोनाच्या कोसाइनच्या ०.७५ घाताने गुणा. उत्तर मेगाहर्ट्झमध्ये. त्या फ्रीक्वेन्सीवर एक डेसिबल शोषण होतं. सूर्य डोक्यावर असेल तर एम १ ला १५, एक्स १ ला २५, एक्स १० ला ३५. इतर फ्रीक्वेन्सीवरचं शोषण हवं असेल तर ही सीमा त्या फ्रीक्वेन्सीने भागा आणि भागाकाराचा दीड घात घ्या. हा आकडा उभ्या मार्गाचा. तिरप्या मार्गाने डी थरात जास्त अंतर कापावं लागतं, तिथे नुकसान वाढतं.

मे २०२४ च्या दोन फ्लेअर घेऊन हे करून बघू. एकाच सक्रिय प्रदेशाच्या, १३६६४ क्रमांकाच्या.

१० मे, एक्स ४.०, शिखर ०६:५४ यूटीसी, म्हणजे आपले १२:२४. कोल्हापूर ७४.२ पूर्व रेखांशावर, म्हणून इथली खरी मध्यान्ह मेमध्ये साडेबाराच्या आसपास होते. शिवाय मेच्या पहिल्या आठवड्यातच इथे शून्य सावलीचा दिवस येऊन गेलेला असतो. म्हणजे सूर्य शब्दशः डोक्यावर, कोसाइन जवळजवळ एक. ४०० चा लॉग २.६०, गुणिले दहा २६, अधिक पाच: ३१ मेगाहर्ट्झ. म्हणजे ७.१ वर सुमारे ९ डेसिबल, १४.२ वर सव्वातीन, २८.४ वर जेमतेम एक. सात मेगाहर्ट्झवर गप्पा मारणाऱ्याने चौदावर किंवा एकवीसवर जायचं, हा सल्ला इथूनच येतो. सवयीने लोक खाली जातात, आणि खाली तर आणखी अंधार.

११ मे, एक्स ५.८, शिखर ०१:२३ यूटीसी, म्हणजे सकाळी ६:५३. फ्लेअर आदल्या दिवसापेक्षा मोठी. पण सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेदहा अंश वर, कोसाइन ०.१८, त्याचा ०.७५ घात ०.२८. सीमा ३२.६ वरून ९ मेगाहर्ट्झवर आली, आणि ७.१ वर शोषण दीड डेसिबल. आदल्या दिवशी नऊ, आज दीड, आणि फ्लेअर मात्र आजची मोठी.

त्याच प्रदेशाने १४ मे रोजी एक्स ८.७ दिली, शिखर १६:५१ यूटीसी, आपल्याकडे रात्रीचे १०:२१. कोल्हापुरातल्या डी थरावर परिणाम शून्य. पण सूर्यप्रकाशात असलेल्या दूरच्या देशाशी तुमचा संपर्क चालू असेल, तर मार्गाचा तिकडचा टप्पा मरतो. हिशेब स्वतःच्या गावाचा नव्हे, मार्गातल्या प्रत्येक उडीच्या मध्यबिंदूचा करायचा असतो.

डिसेंबरमध्ये इथे भर मध्यान्हीही सूर्य शिरोबिंदूपासून ४० अंश खाली असतो, गुणक ०.८२. मग एक्स १ ची सीमा २५ ऐवजी साधारण २० मेगाहर्ट्झ. एवढा फरक डोळ्याआड केला तरी चालतो. सकाळ-संध्याकाळचा मात्र नाही.

शोषणाचं शिखर क्ष-किरणांच्या शिखरानंतर काही मिनिटांनी येतं, आणि खालच्या फ्रीक्वेन्सी सर्वांत शेवटी सुटतात. एम वर्गाला सहसा अर्धा तास, एक्सला तासभर किंवा जास्त.

आपलं स्वतःचं यंत्र: व्हीएलएफ लूप

उपग्रहाचा आकडा खरोखर आपल्या डोक्यावर उतरला का, हे घरच्या घरी तपासता येतं: व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी फ्रीक्वेन्सीच्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या तारेच्या वेढ्याने. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ विजयनारायणम् इथे नौदलाचं १८.२ किलोहर्ट्झचं प्रक्षेपण केंद्र आहे, कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर. त्याची लहर जमीन आणि डी थर यांच्या मधल्या पोकळीतून येते. फ्लेअर झाली की थराची उंची उतरते, आणि इथली पातळी बदलते.

साहित्य: एक मीटर बाजूची लाकडी किंवा पीव्हीसी पाइपची चौकट, एक चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरचं ९० मीटरचं एक बंडल, ४७ नॅनोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. शील्ड केलेली ऑडिओ केबल. ४८ किलोहर्ट्झने सॅम्पल करणारं यूएसबी साउंड कार्ड.

चौकटीवर २२ वेढे घाला. त्यात ८८ मीटर जातात, दोन मीटर टोकांना उरतात. वेढे गठ्ठ्याने आवळून टेपने बांधा. अशा लूपचं इंडक्टन्स सुमारे दीड मिलिहेन्री भरतं, आणि ४७ नॅनोफॅरड समांतर जोडला की ते १८ किलोहर्ट्झच्या आसपास सुरात येतं. नुसतं एवढंच केलं तर सूर फार धारदार होतो, आणि उन्हात तापून वेढे सैल झाले तरी सरकतो. ती सरक आलेखात दुपारच्या फ्लेअरसारखी दिसते. म्हणून ४.७ किलोओहम समांतर टाकून धार मुद्दाम बोथट करायची. सिरॅमिक कपॅसिटर घेऊ नका, उन्हाळ्यात पत्र्याखाली त्याची किंमत भरकटते. स्पेक्ट्रम लावून बघा: गोंगाटाचा उंचवटा १८.२ च्या वर असेल तर एक-दोन नॅनोफॅरड वाढवा, खाली असेल तर एक वेढा सोडा.

माइक इनपुटच्या टोकावर कंडेन्सर माइकसाठीचे काही व्होल्ट असतात. लूप थेट जोडली तर तो प्रवाह वेढ्यांतून वाहतो आणि आवाज चेपतो. एक मायक्रोफॅरड ओळीत टाकायचा तो यासाठी. ध्वनीसाठीचं ऑटोमॅटिक गेन बंद करा. ते चालू राहिलं तर पातळी वाढली की कार्ड ती आपणहून कमी करतं, आणि तुम्हाला वर्षभर एकही फ्लेअर दिसत नाही.

लूपचं प्रतल केंद्राच्या दिशेने हवं, म्हणजे चौकटीची कडा तिकडे रोखलेली. कोल्हापुरातून ही दिशा दक्षिणेपासून २२-२३ अंश पूर्वेकडे. ती लावल्यावर चौकट काटकोनात फिरवून संकेत पडतो का बघा. पडत नसेल तर तुम्ही नौदल नाही, शेजारचा इन्व्हर्टर ऐकत आहात.

गोंगाट हीच खरी लढाई. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ मोटारींचे वेगनियंत्रक, शहरात एलईडी ट्यूब आणि चार्जर, उसाच्या पट्ट्यात विहिरीवरचे पंप. स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झच्या पटीत दात दिसले तर लूप भिंतीपासून, मीटरपासून चार-पाच मीटर लांब न्या. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव कडाडतो तेव्हा विजेचे काटेच काटे येतात. तेव्हा सरासरीऐवजी मध्यक घ्या, काटे आपोआप गळतात. पन्हाळ्यासारख्या उंच, वस्तीपासून लांबच्या जागी गोंगाट कमी मिळतो, पण पावसाळ्यात लूप छपराखाली हवी.

नोंद दर पाच सेकंदांनी. ४०९६ बिंदूंचं एफएफटी (संकेताची फ्रीक्वेन्सीनुसार फोड) घेतलं की एकेक कप्पा सुमारे १२ हर्ट्झचा पडतो. १८.१ ते १८.३ किलोहर्ट्झमधल्या कप्प्यांची बेरीज करा, कारण प्रक्षेपण एका रेषेत नसून पसरट असतं. आठवडाभर नुसतं बघा. रोज सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला आलेखात ठराविक खाच किंवा वळण आलं पाहिजे, रात्री पातळी डळमळली पाहिजे, दुपारी सपाट गुळगुळीत कमान. हे नसेल तर फ्लेअर शोधायला जाऊ नका. फ्लेअरमध्ये पातळी दरवेळी वरच जाते असंही नाही. एकाहून अधिक मार्गांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे ती खालीही जाते. पातळी एका क्षणात तळाला जाऊन तिथेच सपाट राहिली, तर केंद्र बंद झालंय किंवा तुमच्याकडे लाइट गेली आहे. फ्लेअरचा आकार वेगळा: दोन-तीन मिनिटांत चढण, मग तासभर सावकाश उतार.

उद्याचा अंदाज: टक्के कुठून आणायचे

फ्लेअर कधी होईल हे मिनिटावर सांगता येत नाही. एका दिवसाची शक्यता मात्र मोजता येते, आणि त्यालाही क्ष-किरणांचीच नोंद लागते. फ्लेअरच्या आकारांचं प्रमाण ढोबळमानाने असं असतं की मर्यादा दहापट वाढवली की संख्या दहावा हिस्सा होते.

समजा गेल्या तीन दिवसांत सी ५ आणि त्यावरच्या ९ फ्लेअर झाल्या. रोजच्या तीन. एम १ ही मर्यादा सी ५ च्या दुप्पट, म्हणून रोजच्या दीड. एक्स १ वीसपट, म्हणून ०.१५. किमान एक होण्याची शक्यता म्हणजे एकातून ई चा त्या आकड्याइतका ऋण घात वजा: एमसाठी ७८ टक्के, एक्ससाठी १४ टक्के. मोजणी सी १ पासून करू नका. तळ वर असताना लहान फ्लेअर बुडतात, मोठी फ्लेअर चालू असताना तर तिच्या पोटात दोन-चार गडप होतात, आणि दर कमी भरतो.

एक्सआरएस संपूर्ण सूर्यबिंबाची बेरीज देतो, जागा दाखवत नाही. कुठल्या डागसमूहाची फ्लेअर हे गोजच्याच सुवी दुर्बिणीच्या किंवा नासाच्या एसडीओ यानाच्या चित्रांवरून जोडायचं, आणि दर प्रत्येक समूहाचा वेगळा काढायचा. सगळं उत्पादन करणारा समूह उद्या पश्चिम कडेआड जाणार असेल, तर ७८ टक्के लिहिणं हास्यास्पद ठरतं.

प्रोटॉन, थोडक्यात

सूर्याच्या पश्चिम अर्धात, साधारण ५०-६० अंशांवर, मोठी आणि रेंगाळणारी फ्लेअर झाली तर गोजचाच १० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टवरचा प्रोटॉन आलेख उघडून ठेवा. तिथून निघालेल्या वळणदार चुंबकीय रेषा पृथ्वीला जोडलेल्या असतात. आकडा १० च्या वर गेला की एस १, म्हणजे प्रोटॉन वादळाच्या मोजपट्टीची पहिली पायरी. कोल्हापूरच्या अक्षांशावर पृथ्वीचं चुंबकत्व ढाल धरून आहे. हा इशारा उपग्रहांना आणि ध्रुवाकडून जाणाऱ्या विमानांना महत्त्वाचा, आपल्याला फारसा नाही.

तिसरं घड्याळ: इथे क्ष-किरण सोडायचे

ऑक्टोबर २०१४ मध्ये १२१९२ या प्रचंड डागसमूहाने सहा एक्स फ्लेअर दिल्या आणि त्यांच्याबरोबर दखल घेण्याजोगी सीएमई सुटली नाही. उलट ९ ऑक्टोबर २०२४ ची एक्स १.८, आपल्या सकाळी ७:२६ ची. साधारण दीड दिवसाने तिची सीएमई पोचली आणि डीएसटी निर्देशांक (वादळाचा जोर सांगणारा, जितका उणे तितकं वादळ मोठं) उणे ३३३ नॅनोटेस्लापर्यंत गेला. त्याच्याच सहा दिवस आधी एक्स ९.० झाली होती, तिने असं काही केलं नाही.

म्हणून पायऱ्या अशा. फ्लेअर रेंगाळली का? बिंबाच्या मध्याजवळ झाली का? किरीटदर्शकाच्या (सूर्यबिंब झाकून भोवतीचा किरीट टिपणाऱ्या दुर्बिणीच्या) चित्रांत, म्हणजे सोहो यानावरच्या लास्कोत किंवा गोज-१९ वरच्या सीकॉर-१ मध्ये, सूर्याभोवती चहूबाजूंनी पसरणारं कडं दिसतं का? रेडिओ वर्णपटात टाइप २ ची तिरकी पट्टी, म्हणजे धक्कालहरीची खूण, आली का? चारही ‘हो’ असतील तर वेग काढा. अंतर १५ कोटी किलोमीटर, सेकंदाला १००० किलोमीटरने ४२ तास. वेगवान सीएमई वाटेत सौरवाऱ्याला घासून मंदावते, म्हणून चांगल्या मॉडेललाही दहाएक तासांची चूक नेहमीची. अपवाद असतो: २८ ऑक्टोबर २००३ ची सीएमई १९ तासांत पोचली, कारण आधीच्या लोटांनी वाट मोकळी केली होती.

मे २०२४ चं वादळ आपल्याकडे १० तारखेला रात्री साडेदहाच्या सुमाराला सुरू झालं. त्या दिवशी दुपारी १२:२४ ला एक्स ४.० झाली होती, म्हणून बऱ्याच जणांनी दोन्हींची गाठ मारली. दहा तासांत सीएमई पोचत नाही. ते वादळ त्याआधीच्या दोन दिवसांत सुटलेल्या, एकामागोमाग एक येऊन मिसळलेल्या लोटांचं होतं.

शेवटचा निर्णय पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूवर होतो. तिथली यानं सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र मोजतात, आणि हातात १५ मिनिटं ते एक तास मिळतो. क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक दक्षिणेकडे वळला आणि तासन्‌तास तिथेच राहिला तर वादळ. उत्तरेकडे राहिला तर कितीही वेगाची सीएमई पुष्कळदा नुसती खळखळ करून जाते. उपग्रहांच्या संकेतांवरून जागा काढणारे, म्हणजे रोव्हर लावून जमीन मोजणारे आणि ड्रोनने फवारणी करणारे, यांना इशारा द्यायचा तो याच टप्प्यावर. संध्याकाळ असेल, विषुवदिनाचे महिने असतील, तर जास्त जपून.

आदित्य-एल१ ची माहिती कशाला

६ जानेवारी २०२४ पासून एल-१ भोवती फिरणाऱ्या आदित्यवर दोन क्ष-किरण उपकरणं आहेत: २ ते २२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं सोलेक्स आणि ८ ते १५० चं हेल१ओएस. माहिती इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवून मिळते. ती ताबडतोब येत नाही, म्हणून इशाऱ्याला गोज आणि नंतरच्या शवविच्छेदनाला आदित्य. सोलेक्स वर्णपट देतं, म्हणजे दोन पट्ट्यांच्या गुणोत्तरावरून ताणून काढलेलं तापमान नीट तपासता येतं. त्यात वेगवेगळ्या छिद्राचे दोन शोधक आहेत. मोठ्या फ्लेअरला लहान छिद्राचा घ्या, मोठ्यात अनेक फोटॉन एकाच वेळी येऊन एकच मोजले जातात आणि मोजणी बिघडते. आकडे दर सेकंदाचे आणि मोजणीत असतात, वॅटमध्ये नाहीत. गोजच्या आलेखावर चढवण्याआधी दोन्ही एक मिनिटावर आणा. एल-१ वर पृथ्वीची सावली पडत नाही, त्यामुळे सकाळी साडेदहाचं भगदाडही इथून भरून निघतं.

वही

प्रत्येक इशारा पाठवण्याआधी लिहा, नंतर नाही: वेळ दोन्ही, तळ, शिखर, वर्ग, चढणीची मिनिटं, अर्ध्यावर यायला लागलेली मिनिटं, सूर्याचा कोन, काढलेली सीमा, लूपवर दिसलं का. टक्क्यांच्या अंदाजाला गुण देण्याची पद्धत सोपी: शक्यता दशांशात, घटना झाली तर १, नाही तर ०, फरकाचा वर्ग. ७८ टक्के म्हणालात आणि एम झाली तर ०.०५, नाही झाली तर ०.६१. महिन्याची सरासरी काढा आणि शेजारी ‘काल झाली तर आज होणार, काल नाही तर आज नाही’ एवढंच म्हणणाऱ्या आळशी अंदाजाची सरासरी मांडा. सुरुवातीचे दोन-तीन महिने तो आळशी अंदाज जिंकतो. तेव्हा आधी सी ५ ची मोजणी नीट झाली का ते बघा, सूत्र नंतर बदला.